प्रतिकृती आणि इतिहास : मिसिसिपीच्या चाकी आगबोटी

वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात एका आगबोटीची लाकडी प्रतिकृती आहे. कारागिरीच्या दृष्टीने तिच्यात विशेष काही नाही. बोटीच्या दोन्ही अंगांना, पाण्याच्या रेषेजवळ, भात्यासारख्या घड्यांच्या पिशव्या बसवण्याची योजना तीत दाखवली आहे. नदीच्या उथळ पात्रात बोट वाळूवर रुतली, की या पिशव्या हवेने फुगवायच्या आणि बोट उचलून अडथळ्यापलीकडे न्यायची, अशी ती कल्पना. २२ मे १८४९ रोजी या कल्पनेला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ६४६९ क्रमांकाचे पेटंट दिले. अर्जदाराचे नाव अब्राहम लिंकन असे होते. इलिनॉयमधील न्यू सेलम येथे १८३१ साली त्याचा सपाट तळाचा तराफा बंधाऱ्यावर अडकून पडला होता. पुढे १८४८ मध्ये वॉशिंग्टनहून घरी परतताना एक बोट उथळात रुतलेली त्याने पाहिली. या दोन अनुभवांतून ही प्रतिकृती जन्मली. प्रत्यक्षात असे उपकरण कोणत्याही बोटीवर कधी बसले नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांपैकी पेटंट मिळवलेला हा एकमेव पुरुष; त्याच्या त्या नौकाविचाराचा अवशेष म्हणून केवळ ही लहानशी लाकडी वस्तू राहिली आहे.

त्या काळी पेटंटच्या अर्जासोबत प्रतिकृती जोडणे सक्तीचे होते आणि हा दंडक १८८० पर्यंत टिकला. म्हणजे लिंकनची प्रतिकृती ही वस्तूच्या आधीची आहे. जे अजून नाही, ते कसे असेल हे सांगण्यासाठी ती घडवली गेली. नदीवरील आगबोटींच्या ज्या प्रतिकृती विसाव्या शतकात अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर शेकडो हातांनी घडवल्या गेल्या, त्यांची दिशा नेमकी उलटी आहे. जे होते आणि आता उरलेले नाही, ते कसे असेल हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. पहिल्या प्रकाराला कल्पनाशक्ती पुरते. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि पुरावा मागितला की प्रतिकृती करणाऱ्याच्या वाट्याला इतिहासकाराच्या साऱ्या अडचणी येतात. हा छंद वरवर पाहता निरुपद्रवी दिसतो. त्याचा येथे विचार करायचा तो याच कारणासाठी.

वाफेच्या बोटीला मराठीने ‘आगबोट’ हा शब्द दिला. इंग्रजी नावात वाफ आहे, मराठी नावात आग आहे. मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांवरील बोटींच्या बाबतीत मराठी शब्द अधिक अन्वर्थक ठरतो, असे म्हणावे लागेल. ‘न्यू ऑर्लिन्स’ ही पहिली आगबोट १८११ च्या शरदात पिट्सबर्गहून निघाली आणि न्यू मॅड्रिडच्या भीषण भूकंपातून वाट काढत जानेवारी १८१२ मध्ये समुद्राजवळच्या त्या शहरी पोहोचली. त्यानंतर दोन-तीन दशकांतच या नद्यांवर बोटींचा एक स्वतंत्र वंश तयार झाला. उथळ तळ, उच्च दाबाची आडवी इंजिने, उघड्या डेकवर मांडलेले बॉयलर ही त्याची लक्षणे. परंपरा याचे श्रेय हेन्री श्रीव्ह आणि त्याची १८१६ ची ‘वॉशिंग्टन’ ही बोट यांना देते. लुई हंटर याने १९४९ साली पश्चिमी नद्यांवरील आगबोटींचा जो प्रमाणभूत इतिहास लिहिला, त्यात मात्र हे श्रेय अनेक अनाम बांधणीकरांत वाटले गेले. हंटरचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. लोकगीताला एक कर्ता चिकटवण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकांनाही सुटत नाही. यंत्रांच्या इतिहासात तो मोह आणखी प्रबळ असतो.

या बोटीची रचना नीट समजून घेतल्याशिवाय तिच्या प्रतिकृतीचे मर्म कळणार नाही. दोन-तीनशे फूट लांबीचे, पण अवघे काही फूट खोल असे लाकडी बूड. त्यावर पाण्याला जवळजवळ टेकलेला मुख्य डेक. त्याच्या पुढच्या भागात बॉयलर, मागच्या भागात इंजिने, मधल्या जागेत माल, लाकूडफाटा, गुरे आणि कमी भाड्याचे प्रवासी. त्याच्या वरच्या मजल्याला ‘बॉयलर डेक’ म्हणत, जरी बॉयलर त्याच्या खाली असत. या विरोधाभासाने प्रत्येक नवा अभ्यासक एकदा तरी फसतो. तेथे लांबलचक दिवाणखाना आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. त्यावर ‘हरिकेन डेक’, त्यावर अधिकाऱ्यांच्या खोल्यांचा ‘टेक्सास’ नावाचा लहान मजला, आणि सर्वांत वर चहूबाजूंनी काचा असलेले सुकाणूघर. पुढच्या बाजूला दोन उंच धुराडी. चाके दोन्ही अंगांना किंवा एकच चाक मागे. सागरी नौकेच्या पोटात जे काही दडवलेले असते, ते येथे उघड्यावर रचलेले असे. तराफ्यावर बांधलेला वाडाच जणू पाण्यावर चालला आहे असे दृश्य दिसे.

इतक्या लांब आणि इतक्या उथळ बुडावर बॉयलर आणि इंजिने यांचा भार पडला, की ते दोन्ही टोकांना खाली झुके आणि मध्यावर वाके. कणा मोडू नये म्हणून लोखंडी सळ्या बोटीच्या एका टोकापासून निघून तिरप्या खांबांवरून वर जात आणि दुसऱ्या टोकाला बुडाशी पुन्हा जखडल्या जात. त्यांना ‘हॉग चेन’ म्हणत. नाव साखळीचे असले तरी त्या सळ्याच असत, आणि मधल्या फिरकीच्या जोडांनी त्या घट्ट वा सैल करता येत. धनुष्याची दोरी ओढावी तशी सारी बोट या सळ्यांनी ताणून धरलेली असे. आता प्रतिकृतीत गंमत अशी होते, की वस्तू लहान केली की तिचे वजन लांबीच्या घनाने घटते, पण लाकडाच्या छेदाचे क्षेत्र केवळ वर्गाने घटते. चार-पाच फुटांच्या प्रतिकृतीचे बूड या सळ्यांवाचूनही तसूभर वाकत नाही. म्हणून निष्काळजी कारागीर त्या गाळतो, आणि पाहणाऱ्याला काही उणे जाणवत नाही. जाणकार मात्र प्रतिकृतीजवळ गेला की प्रथम या सळ्या शोधतो. प्रतिकृतीला ज्यांची गरज नाही, पण ज्यांच्यावाचून मूळ बोट पहिल्याच फेरीत मोडून पडली असती, अशा गोष्टी जिच्यात आहेत, ती प्रतिकृती विश्वसनीय मानायला हरकत नाही.

हे सारे कोठून कळते, हा खरा प्रश्न आहे. सागरी जहाजांचे आराखडे नौदलांच्या आणि जहाजकंपन्यांच्या दप्तरांत साठले. पश्चिमी नद्यांवरच्या बोटींचे पूर्ण आराखडे क्वचितच काढले गेले. लांबी, रुंदी, खोली, सिलिंडरचा व्यास एवढे ठरले की बाकी सारे बांधणीकराच्या नजरेवर आणि अंगठ्याच्या मापावर चाले. इंडियाना राज्यातील जेफर्सनव्हिल येथे १८३४ मध्ये सुरू झालेला हॉवर्ड घराण्याचा बांधणी-कारखाना शंभराहून अधिक वर्षे चालला. एवढ्या दीर्घ परंपरेतील ज्ञानसुद्धा मुख्यतः हातांत आणि जिभेवर राहिले, कागदावर फार थोडे उतरले. शिवाय बोटींचे आयुष्य अल्प. यादवी युद्धापूर्वीच्या काळात ते सरासरी जेमतेम पाच वर्षांचे होते. बुडालेली खोडे बुडाला भोके पाडत, आग लागे, बॉयलर फुटत, बर्फ चिरडून टाकी. ज्या बोटी यातून वाचत त्यांची इंजिने काढून नव्या बोटीत बसवली जात आणि लाकूड मिळेल त्या कामी लागे. जपून ठेवण्याजोगी वस्तू म्हणून बोटीकडे कोणी पाहिलेच नाही.

या मौखिक ज्ञानाला ग्रंथरूप देण्याचे काम प्रतिकृतिकारांच्या निमित्ताने झाले, ही घटना लक्षणीय आहे. लुईव्हिलचा ॲलन बेट्स हा व्यवसायाने वास्तुकार आणि वृत्तीने नदीवरचा माणूस. त्याने १९६८ मध्ये पश्चिमी नद्यांवरील आगबोटींचा एक सचित्र कोश प्रसिद्ध केला. उपशीर्षकातच त्याने प्रतिकृती करणाऱ्यांना उद्देशून मान तुकवली आहे. खांब कोठे येतो, जिना कसा वळतो, कठड्याची उंची किती, छपराला उतार किती, अशा शेकडो बाबी त्याने रेखाटनांसह नोंदवल्या. कॅप्टन फ्रेडरिक वे याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत हजारो प्रवासी व मालवाहू बोटींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. विद्यापीठीय इतिहासकारांनी व्यापाराचे आकडे, भाड्याचे दर, मक्तेदारी यांचा अभ्यास केला होता. जिना कसा वळतो हे त्यांना विचारावेसे वाटले नाही. तो प्रश्न, जिना प्रत्यक्ष बसवायला निघालेल्या माणसाचाच असू शकतो. हातात लाकडाचा तुकडा धरून ‘आता पुढे काय?’ असे विचारणाऱ्याला ‘साधारणपणे’ या शब्दाचा आसरा घेता येत नाही. लेखकाला एखादे वाक्य धूसर ठेवून निसटता येते, कारागिराला तशी मुभा नाही.

ग्रंथांनंतर येतात छायाचित्रे. २४ सप्टेंबर १८४८ रोजी चार्ल्स फोंटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी ओहायो नदीच्या पैलतीरावरून, केंटकीतील न्यूपोर्ट येथून, सिनसिनाटी शहराच्या किनाऱ्याची आठ दागेरोटाइप छायाचित्रे घेतली. आठही पत्रे शेजारी शेजारी मांडले की दोन मैलांच्या आसपास किनारा दिसतो आणि त्याला टेकलेल्या आगबोटींची रांगच्या रांग. छायाचित्रांवर तारीख नव्हती. ती निश्चित झाली ती बोटींवरूनच : कोणती बोट कोणत्या दिवशी धक्क्याला होती, याचा मेळ जुन्या नोंदींशी घालून अभ्यासकांनी दिवस काढला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हे पत्रे तपासले गेले, तेव्हा उघड्या डोळ्यांना ठिपक्याएवढेही न दिसणाऱ्या घड्याळाच्या तबकडीवरची वेळदेखील वाचता आली. चाकांच्या पेटाऱ्यांवरची अक्षरे, दोऱ्यांची मांडणी, काठावर उभी असलेली माणसे हे सारे त्यात आहे.

याउलट लोकप्रिय शिळाछापांचा प्रकार. न्यूयॉर्कच्या करिअर आणि आयव्ह्ज या छापखान्याने मिसिसिपीवरील बोटींची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली. रात्रीचा चंद्र, धुराड्यांतून उसळणाऱ्या ठिणग्या, शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन बोटी. चित्र म्हणून ती मनोवेधक आहेत; पुरावा म्हणून त्यांचा उपयोग फार जपून करावा लागतो. ती नदीकाठी काढलेली नव्हती, आणि गिऱ्हाइकाच्या मनातली नदी तीत उतरली होती. तरीही अनेक प्रतिकृतींवर त्यांचीच छाया आहे. युरोपातील आणि अमेरिकेतील कंपन्या खोक्यांत भरून जे तयार संच विकतात, त्यांतील काही बोटी तर कोणत्याही नदीवर कधीच चालल्या नव्हत्या. पांढरा रंग, लाल चाक, सोनेरी नक्षी आणि एखादे भारदस्त नाव. विकत घेणाऱ्याला इतके पुरते. अशा वस्तूंना प्रतिकृती म्हणावे की नाही? कशाचीच प्रतिकृती नसलेली प्रतिकृती, असेच त्यांचे वर्णन करावे लागेल. ऐतिहासिक कादंबरीच्या नावाखाली खपणाऱ्या बऱ्याचशा लेखनाशी त्यांचे नाते जवळचे आहे.

एका विशिष्ट बोटीची प्रतिकृती करायचे ठरवले तरी प्रश्न सुटत नाही. ‘रॉबर्ट ई. ली’ या बोटीचे उदाहरण बोलके आहे. ही १८६६ मध्ये इंडियानातील न्यू ऑल्बनी येथे बांधली गेली. युद्ध नुकतेच संपलेले. पराभूत दक्षिणेच्या सेनापतीचे नाव उत्तरेच्या भूमीवर रंगवणे धोक्याचे वाटल्याने बोट नदीपलीकडे केंटकीच्या काठाला नेऊन तिथे ते रंगवण्यात आले. १८७० मध्ये न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुई अशी तिची ‘नॅचेझ’शी शर्यत लागली. ३० जूनला सुरू झालेली ही शर्यत तिने ३ दिवस १८ तास १४ मिनिटांत जिंकली. शर्यतीसाठी कॅप्टन कॅनन याने वाऱ्याला अडणारे आणि वजन वाढवणारे शक्य तेवढे सामान, खिडक्या-दारांसकट, उतरवून ठेवले होते. मग प्रतिकृती कोणती करावी? सर्व साजासह नेहमीच्या फेरीवर निघालेली, की ज्या चार दिवसांमुळे ती जगाला ठाऊक झाली त्या दिवसांतली उघडीबोडकी? बहुतेक प्रतिकृती साजासह असतात आणि त्यांच्या पाटीवर शर्यतीचा उल्लेख असतो. प्रतिस्पर्धी ‘नॅचेझ’ची अडचण वेगळीच. कॅप्टन लेदर्स याने एकामागून एक बांधलेल्या बोटींना तेच नाव दिले. शर्यतीतली त्या मालिकेतील सहावी. एका बोटीचे धुराडे, दुसरीचे सुकाणूघर आणि तिसरीची नक्षी असलेल्या ‘नॅचेझ’ त्यामुळे संग्रहालयांच्या काचेमागे दिसू शकतात. न्यू ऑर्लिन्सला १९७५ मध्ये बांधलेल्या नव्या ‘नॅचेझ’चा घाट तर जुन्या ‘नॅचेझ’वरून घेतलेला नाहीच. ‘हडसन’ आणि ‘व्हर्जिनिया’ या अन्य बोटींवरून तो घेतला गेला आणि तिची इंजिने १९२५ च्या ‘क्लेअरटन’ या बोटीची आहेत.

हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्याला हा सारा प्रदेश ओळखीचा वाटेल. मूळ संहिता नष्ट झालेली, प्रती अपुऱ्या, काही प्रतींत नंतरच्या हातांनी घातलेली भर, आणि एकाच नावाचे अनेक कवी. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी नसलेली संहिता सिद्ध केली. तिच्यात अनिश्चित शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. प्रतिकृतिकाराजवळ अशी नागमोडी रेघ नाही, आणि हे त्याच्या माध्यमाचे सर्वांत मोठे वैगुण्य होय. तर्काने बसवलेला खांब आणि छायाचित्रात मोजलेला खांब एकाच लाकडाचे, एकाच रंगाचे असतात. काही प्रामाणिक कारागीर सोबतच्या टिपणात हा भेद नोंदवतात. प्रतिकृती संग्रहालयात जाते तेव्हा टिपण मागे राहते.

मोजमापाचा काच वेगळाच. अमेरिकन प्रतिकृतिकारांचे आवडते प्रमाण एक फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८. ‘रॉबर्ट ई. ली’ २८५ फुटांहून थोडी अधिक लांब होती. या प्रमाणावर तिची लांबी सहा फुटांच्या घरात जाते. अर्ध्या प्रमाणावर ती तीन फुटांची होऊन घरात मावते, पण मग दोन इंच जाडीचा कठड्याचा गज अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि असे शेकडो गज एकासारखे एक उभे करावे लागतात. प्रतिकृती पाण्यावर चालवायची असेल तर आणखी एक अडचण येते : पाणी लहान होत नाही. विल्यम फ्रूड याने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या नियमानुसार वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. ताशी १४ मैल जाणाऱ्या बोटीची १:४८ ची प्रतिकृती ताशी २ मैलांनी चालली तरच तिच्या मागच्या लाटा खऱ्यासारख्या दिसतात. चाक मात्र उलट वेगाने फिरावे लागते. मिनिटाला २० फेऱ्यांच्या जागी सुमारे १४०. खऱ्या चाकाची ती संथ, जड गती लहान तळ्यात मिळत नाही. लाटा खऱ्या हव्यात की चाक, याची निवड करावी लागते. पुष्कळजण काचेची पेटी पसंत करतात.

पुराव्याचे नवे दालन उघडले ते जमिनीखाली. मिसूरी नदी पात्र बदलत राहिली आणि तिच्यात बुडालेल्या बोटी शेतांखाली गेल्या. ‘अरेबिया’ ही १८५३ मध्ये पेनसिल्व्हानियात बांधलेली दोन चाकांची बोट ५ सप्टेंबर १८५६ रोजी पाण्याखालच्या अक्रोडाच्या खोडावर आदळून बुडाली. माणसे सारी वाचली. बांधलेले एक खेचर तेवढे मेले. १९८८-८९ च्या हिवाळ्यात कॅन्ससमधील एका शेतात, नदीपासून अर्धा मैल दूर आणि ४५ फूट खोल, ती उकरली गेली. तिच्यातील माल मांडलेले संग्रहालय १९९१ मध्ये कॅन्सस सिटीत उघडले. ओक्लाहोमात रेड नदीच्या वाळूतून ‘हिरॉइन’ ही १८३८ मध्ये बुडालेली बोट एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञांनी उकलली. इतक्या जुन्या पश्चिमी आगबोटीची रचना त्याआधी कोणी प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. एकाच इंजिनाने दोन्ही चाके फिरवण्याची तिची योजना जुन्या वर्णनांवरून नीट समजत नव्हती. यादवी युद्धातील ‘कैरो’ ही चिलखती बोट १२ डिसेंबर १८६२ रोजी याझू नदीत सुरुंगाने बुडाली. १९६४ मध्ये ती वर काढली गेली. तिची इंजिने आणि बॉयलर आज व्हिक्सबर्गला पाहता येतात. या शोधांनी आधीच्या पिढीने केलेल्या कित्येक प्रतिकृती चुकीच्या ठरवल्या. हे योग्यच झाले. चुकीची ठरू शकते, एवढ्यापुरतीच कोणतीही प्रतिकृती इतिहासाच्या कक्षेत येते.

लाकूड आणि लोखंड यांची ही निष्ठा मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या प्रतिकृतींवर माणसे नसतात. असलीच तर टोपी उंचावणारा कप्तान आणि छत्री घेतलेल्या दोन स्त्रिया. मार्क ट्वेनच्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ (१८८३) या ग्रंथाने या बोटींना जो गोड विषाद बहाल केला, तोच बहुतेकांच्या मनात असतो. पण त्याच ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री जून १८५८ मध्ये ‘पेनसिल्व्हानिया’ या बोटीचे बॉयलर फुटून भाजून मेला, आणि ती जागा ट्वेनने स्वतःच भावाला मिळवून दिली होती. हा भागही ग्रंथात आहे. काचेच्या पेटीत तो येत नाही. बॉयलरपुढे लाकूड फेकणारे आगवाले, गाठोडी वाहणारे हमाल, स्वयंपाकी, वाढपी यांत गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. विल्यम वेल्स ब्राउन हा त्यांतलाच एक. मालकाने भाड्याने दिलेला गुलाम म्हणून तो आगबोटींवर राबला, दक्षिणेच्या बाजारात विकायला नेल्या जाणाऱ्या माणसांच्या टोळ्या त्याने डेकवर पाहिल्या, आणि १ जानेवारी १८३४ रोजी सिनसिनाटीला धक्क्यावर उतरून तो पळाला. त्याचे आत्मवृत्त १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य डेकवरच्या ज्या मोकळ्या जागेत प्रतिकृतिकार कापसाचे छोटे गठ्ठे हौसेने रचतो, तीच ही जागा.

कोणत्या बोटीची प्रतिकृती होते आणि कोणत्या बोटीची होत नाही, यालाही इतिहास आहे. ‘मन्मथ’ या मराठी कानांना गोड वाटणाऱ्या नावाशी उच्चारसाम्य असलेली ‘मॉन्मथ’ ही बोट ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री टक्कर होऊन फुटली. तिच्यावर आपल्या भूमीतून हाकलले गेलेले सहाशेच्या आसपास मस्कोगी स्त्रीपुरुष आणि मुले कोंबलेली होती. त्यांतील सुमारे तीनशे मेली. छंदाच्या जगात तिचे नाव कोठे आढळत नाही. ‘सुल्ताना’चे निदान उशिरा का होईना स्मरण झाले. ३७६ माणसांची परवानगी असलेल्या या बोटीवर युद्धकैदेतून सुटलेले सैनिक धरून दोन हजारांहून अधिक माणसे भरली होती. २७ एप्रिल १८६५ च्या पहाटे मेम्फिसच्या वर तिचे बॉयलर फुटले आणि अकराशेहून अधिक बळी गेले. आदल्या दिवशी आर्कन्सामधील हेलेना येथे घेतलेले तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात बोटीची रेषा अन् रेषा माणसांनी झाकली गेली आहे. प्रतिकृती करणाऱ्यांना या छायाचित्रातून माणसे वगळून बोट शोधावी लागते.

भारतीय नद्यांची कथा याच काळाला समांतर आहे. लंडनच्या मॉडस्ली कारखान्यात घडवलेली, सुट्या भागांत कलकत्त्याला आणून जोडलेली ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ ही लोखंडी आगबोट १८३४ मध्ये गंगेवर आली आणि पुढे अलाहाबादपर्यंत वाहतूक सुरू झाली. येथे प्रवासी आगबोटीवर नसत. मागे ओढल्या जाणाऱ्या ‘फ्लॅट’ नावाच्या वेगळ्या नौकेत ते बसत. बॉयलर आणि प्रवासी यांच्यात दोरीचे अंतर ठेवण्याची ही व्यवस्था मिसिसिपीवर रुजली असती तर कित्येक बळी टळले असते. मात्र गंगेवरच्या या बोटींसाठी बेट्ससारखा कोशकार निघाला नाही. १९२८-२९ मध्ये कलकत्त्याच्या गार्डन रीचला बांधलेल्या ‘मसूद’ आणि ‘ऑस्ट्रिच’ या चाकी बोटी पूर्व बंगालच्या जलमार्गांवर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, त्यांच्याविषयी प्रवाशांच्या आठवणी पुष्कळ आहेत; मापे घेणारे हात मात्र विरळा.

मापे घेण्याचे महत्त्व काय असते ते ‘बर्ट्रंड’च्या बाबतीत दिसले. मागे चाक असलेली ही बोट १८६४ मध्ये व्हीलिंग येथे बांधली गेली. मॉन्टानाच्या सोनखाणींकडे माल नेताना १ एप्रिल १८६५ रोजी ती ओमाहाच्या वर, मिसूरीच्या डिसोटो वळणावर बुडाली. १९६८ मध्ये ती सापडली. उत्खननात डबाबंद फळांपासून खाणकामाच्या हत्यारांपर्यंत लक्षावधी वस्तू निघाल्या. त्या स्वच्छ करून १९८१ मध्ये उघडलेल्या केंद्रात ठेवल्या गेल्या. वरचे मजले नदीने आणि माणसांनी आधीच नेले होते. बूड आणि मुख्य डेक मात्र शाबूत होते, सुमारे १६१ फूट लांब. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या माणसांनी त्यातील फळी न् फळी मोजली, हॉग चेनचे खांब कोठे होते तेही टिपले, आणि ही रेखाटने १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इतके मोठे ओले लाकूड वाळू देणे म्हणजे त्याची भुकटी होऊ देणे. म्हणून मोजणी झाल्यावर उपसा करणारे पंप बंद करण्यात आले. खड्ड्यात पुन्हा पाणी चढले आणि बोट जिथे होती तिथेच त्याखाली गेली. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी ‘बर्ट्रंड’ घडवली, त्यांनी ती या कागदांवरून घडवली.